नव्या कॅमेऱ्यासाठी नंबर लावलाय, हातात कधी येणार? सांगली-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न

लग्नाची कामं करणारे, कासला फुलं टिपायला जाणारे, नोकरी सांभाळून हौसेनं फोटो काढणारे असे सांगली, मिरज, कराड, सातारा, वाई भागातले बरेच जण नव्या महागड्या कॅमेऱ्यांबद्दल विचारत असतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. मी कॅमेरे विकत नाही. लग्नाची कामं करतो आणि नव्या मुलांना शिकवतो. माझं सांगणं एवढंच आहे: थांबायला हरकत नाही, पण दिलेले पैसे, रांगेतला नंबर आणि ठरलेली किंमत या तिन्ही गोष्टी कागदावर असू द्या. आणि जो कॅमेरा अजून हातात नाही, त्याच्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नका.

१. कंपनीनं कॅमेरा जाहीर केला, यूट्यूबवर रिव्ह्यू आले, मग दुकानात का नाही?

कारण जाहीर होण्याची तारीख वेगळी, विक्री सुरू होण्याची वेगळी आणि तुमच्या दुकानात पीस पोचण्याची वेगळी. फुजीफिल्मनं एक्स१०० सिक्स २० फेब्रुवारी २०२४ ला टोकियोत जाहीर केला, जपानमध्ये विक्री सुरू झाली २८ मार्चला. निकॉन झेड९ जाहीर झाला २८ ऑक्टोबर २०२१ ला आणि पहिले पीस बाहेर पडेपर्यंत डिसेंबर संपत आला होता. रिव्ह्यू करणाऱ्यांना कंपनी आधीच कॅमेरे देते, त्यामुळं व्हिडिओ दिसले म्हणजे माल बाजारात आला असं होत नाही. पुढं भारताच्या वाट्याला किती येणार हे ठरतं, त्यातले किती कुठल्या डीलरला हे ठरतं. मोठ्या शहरातल्या मोठ्या डीलरकडं बुकिंग जास्त असल्यानं पहिला लॉट बहुधा तिकडंच संपतो.

२. कंपन्या मुद्दाम कमी माल काढून भाव वाढवतात का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. टंचाईमुळं नाव होतं हे खरं. पण कारणं पाहिली तर बहुतेक वेळा अडचण खरीच निघते.

आधी बाजार किती आटला ते बघा. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या ‘सिपा’ या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही आत आला. बाकीची जागा मोबाइलनं घेतली. त्या हिशेबानं कंपन्यांनी कारखाने आवरते घेतले. निकॉननं तर जपानमधल्या सेंदाईचं बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बनवण्याचं काम थांबवून सगळं थायलंडला नेलं. एवढ्या आटलेल्या व्यवस्थेवर एखाद्या मॉडेलची मागणी अचानक चढली, की ती पुरी करायला हात कमी पडतात. एक्स१०० सिक्सच्या आधीचा एक्स१०० व्ही आला २०२० मध्ये, पण टिकटॉकवर तो गाजला दोन वर्षांनी. कंपनीनं जुन्या अंदाजानं उत्पादन लावलेलं असणार आणि गिऱ्हाईक आलं कितीतरी पट.

दुसरं कारण सुट्या भागांचं. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, ती बनवणारे कारखाने जगात मोजके. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप झाला, सोनीचा तिथला सेन्सरचा कारखाना बंद पडला आणि दुसऱ्या कंपन्यांचेही कॅमेरे अडले. २०११ मध्ये थायलंडच्या महापुरात निकॉनचा अयुथ्थयाचा कारखाना पाण्याखाली गेला. पूर उतरल्यावर यंत्रं पुन्हा उभी करायला किती दिवस लागतात, हे २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०२१ च्या अखेरीस चिप मिळेनात म्हणून सोनीनं जपानमध्ये काही मॉडेलच्या ऑर्डर घेणंच थांबवलं. झेडव्ही-ई१० सारखा चालता कॅमेराही त्यात होता.

आणि कारखान्यात नवी लाइन टाकायला कंपनी कचरते, कारण मागणी दोन वर्षांत ओसरली तर ती लाइन अंगावर पडते. म्हणून कंपनी उत्पादन वाढवते, पण बेतानं.

३. थांबावं लागतं ते कुठल्या कॅमेऱ्यांसाठी? सगळ्याच नव्या मॉडेलना?

नाही. मधल्या किमतीचे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे बहुतेक वेळा लवकर मिळतात. अडकतात ते दोन प्रकारचे. एक, आटोपशीर, एकाच लेन्सचे महागडे कॅमेरे: फुजीफिल्म एक्स१०० सिक्स, रिकोची जीआर मालिका, लायका क्यू३. दोन, कंपनीचे सर्वांत वरचे मॉडेल. त्यांचे सेन्सर थरावर थर जोडून बनवतात, ते सावकाश तयार होतात. झेड९ ला कित्येक महिने असंच थांबावं लागलं, आणि २०२३ मध्ये झेड८ आल्यावर पुरवठ्याला उशीर होतोय म्हणून निकॉननं जाहीर माफी मागितली.

४. बुकिंग गावातल्या दुकानात करू, कोल्हापूर-पुण्याला की ऑनलाइन?

पहिल्या लॉटमधलाच हवा असेल तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या डीलरकडं शक्यता जास्त. पण साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर आणि सांगलीहून त्याच्या दुप्पट आहे. पुढं बटण अडकलं, सेन्सरवर डाग दिसला तर कुणाच्या दारात उभं राहणार, याचा विचार आज करा. गावातला अधिकृत डीलर कंपनीशी तुमच्या वतीनं बोलतो, कॅमेरा सर्व्हिसला पाठवतो, वेळेला दुसरी बॉडीही देतो. महिना-दीड महिना उशीर चालणार असेल तर मी गावातल्या दुकानाला पसंती देईन.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याचं नाव वाचा. मोठ्या साइटवरसुद्धा माल तिसराच कुणीतरी विकत असतो. तो कंपनीच्या अधिकृत डीलरांच्या यादीत आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर तपासता येतं.

५. टोकन किती द्यावं? पावतीवर काय काय पाहिजे?

कॅमेरा कधी येणार हे दुकानदारालाच माहीत नसताना पूर्ण रक्कम देऊ नका. नंबर पक्का होईल एवढं टोकन पुरे. रोख न देता यूपीआय किंवा कार्डनं द्या, म्हणजे नोंद राहते. कॅमेरा दोन लाखांच्या वरचा असेल तर हेही लक्षात ठेवा, की एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम घेणं आयकर कायद्यानुसार दुकानदाराला चालत नाही.

पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव हवं, रंग हवा, नुसती बॉडी की किट (बॉडीसोबत लेन्स) हे हवं. ठरलेली किंमत लिहून घ्या, किंवा निदान ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत’ असं स्पष्ट लिहून घ्या. बुकिंगची तारीख आणि तुमचा कितवा नंबर हेही. सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे ‘अमुक तारखेपर्यंत कॅमेरा न मिळाल्यास पूर्ण टोकन परत’. ही ओळ लिहायला कुणी कां-कूं करत असेल तर तिथं टोकन देऊ नका, मग दुकान कितीही जुनं आणि ओळखीचं असो. ओळखीत कागद मागायला संकोच वाटतो हे मला कळतं. पण कागद असला की ओळखही टिकते.

छापील पावती नसेल तर हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘बरोबर आहे’ असं उत्तर मागून घ्या.

६. दोन-तीन ठिकाणी नंबर लावून ठेवला तर चालेल का?

कायद्यानं अडवलेलं नाही. पण एकच कॅमेरा घ्यायचा असताना पाच ठिकाणी नावं लावली, की टंचाई कागदावर फुगते आणि तुमच्यामागच्या माणसाला उगाच थांबावं लागतं. फार तर दोन ठिकाणी लावा, एक गावात आणि एक बाहेर. एकीकडं मिळाला की त्याच दिवशी दुसरीकडं कळवा.

७. माझा नंबर आधी होता, तरी दुकानदारानं दुसऱ्याला पीस दिला. काय करता येईल?

आधी शांतपणे विचारा. कित्येकदा आलेला पीस वेगळ्या रंगाचा किंवा किटचा असतो आणि तुमच्या मागच्यानं तोच मागितलेला असतो (प्रश्न ८ पाहा). डीलरही रांगेतच असतो, हे ध्यानात घ्या. त्यानं दहा मागितले तर कंपनी दोन पाठवते.

पण तसं काही नसेल आणि पावतीवर तुमचा नंबर लिहिलेला असेल, तर लेखी विचारणा करा: माझ्या आधी किती जण बाकी आहेत आणि पुढच्या लॉटमध्ये माझा आहे का? उत्तर टाळलं तर टोकन परत मागा. जो दुकानदार आज नंबर पाळत नाही, तो उद्या वॉरंटीच्या वेळीही तुमच्यासाठी धावणार नाही.

८. ‘बॉडी नाही, किट आहे’ किंवा ‘काळा नाही, सिल्व्हर आहे’ म्हणतात. घेऊ का?

रंगाचा हट्ट नसेल तर जरूर घ्या. बुकिंग करतानाच ‘दोन्हीपैकी कुठलाही चालेल’ असं लिहिलं तर नंबर बऱ्याचदा लवकर लागतो. किटचा हिशेब मात्र कागदावर मांडा. किटमधली लेन्स पुढं विकली तर सुट्या नव्या लेन्सपेक्षा बरीच कमी किंमत येते. लेन्स वापरणार असाल तर किट फायद्याचं. फक्त बॉडी लवकर मिळावी म्हणून किट घेणं सहसा परवडत नाही.

९. दोन महिने झाले, दुकानदार म्हणतोय ‘पुढच्या लॉटला’. पैसे परत मागू का? देईल का?

पावतीवरची मुदत संपली असेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. मुदत लिहिलेलीच नसेल तरी माल न देता पैसे कायमचे अडकवून ठेवता येत नाहीत. व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर पंधरा दिवसांची मुदत देऊन परतावा मागा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये याला लागू पडेल अशी तरतूद आहे. व्यापाऱ्यानं ठरलेल्या मुदतीपेक्षा माल द्यायला उशीर केला आणि त्यामुळं किंमत वाढली किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली, तर ती गैरप्रथा धरली जाते. म्हणूनच मुदत लिहून घ्या असं मी प्रश्न ५ मध्ये सांगितलं.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पुण्याच्या दुकानाविरुद्ध सांगलीत. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

१०. ‘कॅमेरा आहे, पण सोबत बॅग, कार्ड आणि फिल्टर घ्यावंच लागेल’ असं सांगतात. हे बरोबर आहे का?

नाही. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं, ही वर सांगितलेल्या कायद्यानुसार गैरप्रथा आहे. सवलतीत एकत्र देणं वेगळं आणि सक्ती करणं वेगळं.

आणखी एक प्रकार चालतो. डब्यावरच्या एमआरपीपेक्षा वीस-तीस हजार जास्त मागायचे आणि बिल एमआरपीचंच द्यायचं. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्याच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. याची तक्रार वैधमापन खात्याकडं होते. टंचाईत असे वरचे पैसे देणारे गिऱ्हाईक भेटते म्हणून हा प्रकार फोफावतो आणि रांगेत इमानानं थांबलेला माणूस मागं पडतो. कृपा करून देऊ नका.

११. बुकिंग केलं तेव्हा किंमत कमी होती, आता कंपनीनं वाढवली. जुन्या किमतीला मिळेल का?

पावतीवर किंमत पक्की लिहिली असेल तर मिळायला हवी. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत’ लिहिलं असेल तर नवी द्यावी लागेल, पण डब्यावर छापलेल्या एमआरपीच्या वर नाही. जुन्या लॉटचा डबा जुन्या एमआरपीचा असेल, तर तीच मर्यादा.

१२. इन्स्टाग्रामवर एक्स१०० सिक्स अर्ध्या किमतीत आणि ‘रेडी स्टॉक’ दिसतोय. घ्यावा का?

घेऊ नका. जगभर ज्याला रांग आहे, तो कॅमेरा कुणी अर्ध्या किमतीत देत नाही. ठरलेली पद्धत अशी: आधी थोडे पैसे, मग ‘माल कस्टमला अडकलाय, तेवढी ड्युटी भरा’, मग जीएसटी, मग कुरिअरचा विमा. प्रत्येक हप्ता आधीचे पैसे वाचवण्यासाठी भरला जातो. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणारे पुष्कळ असतात, आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं.

१३. माझा चुलतभाऊ दुबईला असतो, मेहुणा जपानला. त्यांच्याकडून मागवू का?

तीन गोष्टी बघा.

पहिली वॉरंटी. कॅमेऱ्याची वॉरंटी अनेकदा त्या त्या देशापुरती असते. भारतात दुरुस्ती पैसे भरून करावी लागेल, आणि बाहेरच्या सीरियल नंबरचा कॅमेरा इथलं सर्व्हिस सेंटर घेईल का, हे आधी फोन करून विचारा.

दुसरी भाषा. सोनीच्या फक्त जपानच्या बाजारासाठीच्या बॉडीत मेनू जपानीच असतो, इंग्रजी निवडताच येत नाही. स्वस्त मिळाला म्हणून आणलेला असा कॅमेरा नंतर विकणंही अवघड जातं.

तिसरी ड्युटी. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंतच सूट असते आणि हे कॅमेरे त्या रकमेच्या वर जातात. विमानतळावर जाहीर करून ड्युटी भरायला सांगा आणि पावती जपून ठेवा. डबा फेकून गळ्यात अडकवून आणला की चालतं, असं सांगणारे भेटतात. पण पकडलं गेलं तर त्रास तुमच्या नातेवाइकाला होतो.

१४. जुना कॅमेरा नव्यापेक्षा महाग कसा? असा घ्यावा का?

टंचाईत असं होतं. एक्स१०० व्ही दुकानात मिळेनासा झाला तेव्हा वापरलेल्या पीसला मूळ किमतीहून जास्त पैसे पडत होते. नवं मॉडेल आल्यावर आणि पुरवठा सुधारल्यावर तो भाव उतरला. म्हणून नव्यापेक्षा महाग जुना घेणं मला मुळीच पटत नाही. घ्यायचाच तर मूळ बिल, डबा आणि सीरियल नंबर जुळवून बघा, लेन्स सगळ्या अॅपर्चरवर (प्रकाश आत घेणारं छिद्र लहान-मोठं करून) तपासा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का ते पाहा. रिकोच्या जीआर थ्रीला धूळ आत शिरण्याची खोड आहे, तिथं ही तपासणी सोडू नका.

१५. पहिल्या लॉटच्या कॅमेऱ्यात दोष असतात म्हणतात. मुद्दाम उशिरा घ्यावा का?

कधीकधी असतात. झेड८ आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच निकॉनला दोन सूचना काढाव्या लागल्या, एक लेन्स नीट न बसण्याबद्दल आणि दुसरी पट्ट्याची कडी सैल होण्याबद्दल. सीरियल नंबर टाकून आपला पीस त्यात आहे का ते पाहता येत होतं आणि दुरुस्ती मोफत होती.

उशिरा घेणाऱ्याचा फायदा नुसता दोष टळण्याचा नाही. झेड९ ला एप्रिल २०२२ मध्ये फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) २.० आलं आणि ८के व्हिडिओची क्षमता कितीतरी वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये झेड८ ला पक्षी ओळखणारा फोकस मिळाला. म्हणजे जो रांगेत शेवटी होता, त्याच्या हातात जास्त पिकलेला कॅमेरा पडला. अर्थात फर्मवेअर आधी घेणाऱ्यालाही फुकटच मिळतं. पण ज्यांचं पोट कॅमेऱ्यावर आहे, त्यांनी पहिल्या लॉटसाठी जीव टाकू नये, असं मी ठामपणे सांगतो.

१६. तोवर काय वापरू? पर्याय काय?

आधी हे ठरवा, की हवा आहे तो कॅमेरा की त्यातून येणारा फोटो. एक्स१०० सिक्सचा ४० मेगापिक्सेलचा सेन्सर एक्स-टी५ आणि एक्स-टी५० मध्येही आहे, हात हलला तरी सावरणारी यंत्रणाही आहे, फुजीफिल्मचे रंगही तेच. त्यावर २३ मिलिमीटर एफ२ लेन्स लावली की जवळपास तेच चित्र मिळतं. आटोपशीरपणा, आवाज न करणारं लेन्समधलं शटर आणि आतला एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर एवढं गमवावं लागतं. बदल्यात लेन्स बदलता येते.

हा फरक आपल्या भागात मोठा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, जिथं कारागिराच्या हातभर अंतरावर बसून फोटो काढायचा असतो, तिथं एक्स१०० सिक्ससारखा कॅमेरा फार सुंदर चालतो. हरिपूरच्या संगमावर सकाळी फिरायलाही तो हलका पडतो. पण सागरेश्वरला चितळं टिपायला त्याचा काडीचा उपयोग नाही. कासवर दवबिंदू आणि सीतेची आसवं यांच्यासारखी इवली फुलं मनासारखी भरून यायला खरी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्सच लागते. कित्येकांना मी इतकंच विचारतो, की गेल्या वर्षभरात काढलेले आवडते फोटो कुठल्या लेन्सचे आहेत? त्या उत्तरानंतर बरेच जण रांगेतून स्वतःहून बाहेर पडतात आणि लेन्स घेतात.

एखाद्या दिवसापुरता हवा असेल तर भाड्यानं घ्या. अनामत किती आणि नुकसान झालं तर कुणाकडं, हे आधी लिहून घ्या.

१७. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो. नव्या कॅमेऱ्यावर शूट करू असं सांगून ऑर्डर घेऊ का?

नको. गिऱ्हाइकाला मॉडेलचं नाव सांगू नका, कामाचा दर्जा दाखवा आणि आज हातात असलेल्या कॅमेऱ्याचेच नमुने दाखवा. कॅमेरा मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आला तरी तो मुख्य बॉडी म्हणून वापरू नये. बटणं बोटांना सवयीची व्हायला वेळ लागतो आणि अक्षता पडायचा क्षण पुन्हा येत नाही. आधी एखादा घरचा कार्यक्रम त्यावर करा, मग लग्नात दुसरी बॉडी म्हणून न्या.

१८. वाट बघताना काय तयारी करून ठेवावी?

कुठलं कार्ड लागतं ते बघा. झेड९ ला सीएफएक्सप्रेस बी लागतं, झेड८ ला एक सीएफएक्सप्रेस बी आणि एक एसडी असे दोन स्लॉट आहेत, एक्स१०० सिक्सला साधं यूएचएस-१ एसडी कार्ड पुरतं. जास्त वेगाचं महाग कार्ड तिथं वाया जातं. नव्या कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली कच्ची) फाइल जुन्या लाइटरूम-फोटोशॉपमध्ये उघडत नाही. वर्षानुवर्षं एकच आवृत्ती वापरणाऱ्या स्टुडिओंना हे ऐन वेळी कळतं. अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर तेव्हा कामी येतो.

एक्स१०० सिक्स घेणाऱ्यांनी अॅडॉप्टर रिंग आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर सोबतच घ्या. ते बसवल्याशिवाय पाऊस-धुळीपासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा किंवा सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची धूळ किती बारीक असते, हे तिथं शूट केलेल्यांना ठाऊक आहे.

१९. डबा आला. काय तपासू? आणि ‘मेड इन चायना’ लिहिलंय, डुप्लिकेट तर नाही ना?

शेवटचं आधी सांगतो. एक्स१०० व्हीपर्यंतचे कॅमेरे जपानमध्ये बनत होते, एक्स१०० सिक्स आला तो चीनमध्ये बनलेला. निकॉनचे झेड८ आणि झेड९ थायलंडमध्ये बनतात. देशाच्या नावावरून खरं-खोटं ठरत नाही.

बघायचं ते डब्यावरचं लेबल. अधिकृतपणे आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, तयार झाल्याचा महिना-वर्ष, एमआरपी, बनवणारा देश आणि ग्राहक सेवेचा नंबर असतो. हे लेबल नसेल तर माल अधिकृत मार्गानं न आलेला, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न आलाच (प्रश्न १३). सीरियल नंबर डब्यावर, बॉडीवर आणि बिलावर एकच हवा.

कुरिअरनं येत असेल तर सीलबंद डब्यापासून कॅमेरा चालू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, मध्ये तोडू नका. त्याच दिवशी कंपनीकडं नोंदणी करा. नदीकाठच्या भागात राहत असाल तर विमा घ्या, आणि पॉलिसीत पुराचं नुकसान धरलंय का हे वाचूनच सही करा.

२०. ईएमआयवर बुक केलाय. कॅमेरा यायच्या आधीच हप्ता सुरू होईल का?

दुकानदारानं बिल आधीच फाडलं तर होईल. वॉरंटीही सहसा बिलाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. टोकन वेगळं भरा, आणि कर्जाची प्रक्रिया कॅमेरा दुकानात आल्यावर, सीरियल नंबर बिलावर घालूनच करा.

२१. मी धंद्यासाठी कॅमेरा घेतोय. मग ग्राहक आयोगात तक्रार चालते का? आणि जीएसटीचं काय?

धंद्यासाठी केलेली खरेदी सहसा ग्राहक कायद्याच्या बाहेर धरतात. पण स्वतःच्या हातानं काम करून त्यावर पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे. एकटा लग्नाचे फोटो काढणारा त्यात बसतो. पाच माणसं पगारावर ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याच्या बाबतीत समोरचा वकील हरकत घेऊ शकतो, तेव्हा आधी सल्ला घ्या.

कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे (१ जानेवारी २०१९ च्या आधी तो २८ होता). तुमची नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या, भरलेला कर वजा मिळतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत) असाल तर मिळत नाही.

२२. मित्राचा नंबर लागलाय, त्याला आता कॅमेरा नको. त्याच्या जागी मी घेऊ शकतो का?

दुकानदार तयार असेल तर घेता येतो. पण मित्राच्या मागं थांबलेल्यांना डावलून ही अदलाबदल करायची की नाही, हा निर्णय दुकानदाराचा आहे आणि त्यानं नाही म्हटलं तर वाद घालू नका. तयार झाला तर मित्राचं टोकन त्याला परत करायला लावा आणि तुमच्या नावानं नवी पावती घ्या. बिल मित्राच्या नावावर आणि कॅमेरा तुमच्याकडं असं ठेवू नका. चोरी झाली, विमा मागायची वेळ आली किंवा वॉरंटीत पाठवायचा झाला, तर पहिला प्रश्न बिलावरच्या नावाचा येतो.